पदरचे दान आणि भाषेचा मान
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून, अध्यापनाची पदविका घेऊन, हयात प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात घालविलेला मी एक सामान्य शिक्षक आहे. तथापि ज्याने चार दशके मातृभाषेच्या जिवावर पोट भरले, त्याने त्या भाषेच्या ऋणाविषयी दोन शब्द बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये, या विश्वासाने मी उभा आहे.

विषय निवडण्यास एक तात्कालिक कारण घडले. आपल्या संस्थेतील काही कुटुंबांनी आपल्या दिवंगत मातापित्यांच्या स्मरणार्थ मराठी वाङ्मय व कला यांसाठी पारितोषिक ठेवण्याची इच्छा कार्यकारी मंडळाकडे व्यक्त केली आहे. इच्छा स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पाठोपाठ दोन प्रश्न उभे राहिले आहेत. पहिला असा की, शासन असताना, अकादमी असताना, आपण यात का पडावे? दुसरा त्याहून नाजूक आहे. हे पारितोषिक आपल्या ज्ञातीतील लेखक-कलावंतांपुरतेच ठेवावे, की सर्व मराठी भाषकांसाठी खुले असावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यथामति देण्याचा, आणि त्यांच्याच ओघात पैशाचा व्यवहार कसा असावा हेही सांगण्याचा माझा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. विद्येसाठी दान ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारनेही ती काही काळ चालू ठेवली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यातील काही विचारी तरुणांनी, ज्यांत लोकहितवादी अग्रभागी होते, असा आग्रह धरला की या द्रव्याचा काही अंश मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा. त्यातूनच दक्षिणा प्राइझ कमिटी निर्माण झाली. या घटनेचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. दान तेच, तिजोरी तीच. मात्र दान घेणाराची पात्रता बदलली. पूर्वी पात्रता जन्माने आणि पाठांतराने ठरत असे, ती आता पुस्तकाने ठरू लागली. मराठी ग्रंथपारितोषिकाचा जन्मच मुळी या बदलातून झाला आहे, हे मला मोठे बोधप्रद वाटते.

पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सन १८९४ मध्ये पुण्यास डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी स्थापन झाली. तीच आज महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था या नावाने ओळखली जाते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले होते, आणि १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९०६ साली महाराष्ट्र साहित्य परिषद आणि १९२३ साली विदर्भ साहित्य संघ अस्तित्वात आला. या संस्था कोणा एका धनिकाच्या थैलीवर उभ्या राहिल्या नाहीत. वकील, शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्या वर्गण्यांनी आणि देणग्यांनी त्या वाढल्या. राजेरजवाड्यांतही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसारखा विद्याविलासी पुरुष निघाला. त्यांनी दोन लक्ष रुपयांचा निधी बाजूस काढून त्याच्या व्याजातून ग्रंथप्रकाशनाची सोय केली, आणि श्रीसयाजी साहित्यमालेचे कितीतरी ग्रंथ वाचकांच्या हाती दिले. मुद्दल अभंग ठेवून व्याजावर कार्य चालविण्याची ही रीत आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता पहिला प्रश्न. शासन आहे, मग आपण का? शासनाने या क्षेत्रात केलेले कार्य लहान नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. साहित्य अकादमी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ साली मराठीचा पहिला अकादमी पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास मिळाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर साहित्य आणि संस्कृती मंडळ निघाले व त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांकडेच आले. राज्य वाङ्मय पुरस्कारही दरवर्षी दिले जातात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, ही तर आपणां सर्वांना अभिमानास्पद अशी घटना होय.

परंतु शासनाच्या हाताला स्वभावतःच काही मर्यादा असतात. शासनाचे मत बदलू शकते. सन २०२२ च्या अखेरीस राज्य शासनाने एका अनुवादित पुस्तकास जाहीर झालेला पुरस्कार मागे घेतला, तेव्हा साहित्यक्षेत्रात किती खळबळ माजली आणि काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे कसे दिले, हे आपण वृत्तपत्रांतून वाचलेच आहे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हे ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मला एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या भाषेतील मानसन्मान एकाच हाताने दिले जातात, त्या भाषेत तो हात आखडला की सारेच थांबते. दहा हात देणारे असले, तर एक हात चुकला तरी नऊ उरतात. घराला एकच खांब असावा, असे कोणताही गवंडी सांगणार नाही.

खाजगी दानातून किती मोठे कार्य उभे राहू शकते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. साहू शांतिप्रसाद जैन यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या भारतीय ज्ञानपीठाने १९६१ साली पुरस्काराची योजना आखली आणि १९६५ चा पहिला पुरस्कार मल्याळम कवी जी. शंकर कुरुप यांना दिला. हा पुरस्कार सरकारी नव्हे. एका कुटुंबाच्या देणगीतून निघालेला आहे. तरीही आज भारतीय भाषांतील सर्वोच्च मान म्हणून तोच ओळखला जातो. मराठीत तो १९७४ साली वि. स. खांडेकरांना, १९८७ साली कुसुमाग्रजांना, २००३ साली विंदा करंदीकरांना आणि २०१४ साली भालचंद्र नेमाडे यांना लाभला.

कुसुमाग्रजांच्या नाशकात त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातर्फे जनस्थान पुरस्कार १९९१ पासून एक वर्षाआड दिला जातो. पहिला मान विजय तेंडुलकरांचा होता. समुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या बांधवांनीही भाषेचे ऋण विसरलेले नाही. अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशन या संस्थेतर्फे १९९४ पासून मराठी साहित्यासाठी आणि पुढे समाजकार्यासाठीही पुरस्कार दिले जात आहेत. त्यामागे सुनील देशमुख या सांगलीकडच्या गृहस्थांनी स्वतःच्या पदरचा मोठा निधी उभा केला होता. परदेशी जाऊन द्रव्य मिळविणारे पुष्कळ. त्या द्रव्याचा एक वाटा मायभाषेच्या लेखकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविणारे विरळा.

एवढ्या मोठ्या रकमांची नावे ऐकून आपण दडपून जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्र साहित्य परिषद आपल्या वर्धापनदिनी जी अनेक ग्रंथपारितोषिके देते, त्यांतील कित्येक सामान्य कुटुंबांनी ठेवलेल्या ठेवींतून दिली जातात. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचीही अशीच पारितोषिके आहेत. सांगलीचे विष्णुदास भावे गौरवपदक घ्या. १८४३ साली विष्णुदासांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याचे स्मरण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी हे पदक दिले जाते. थोर नटनटी ते आयुष्याचे सार्थक मानून स्वीकारतात. पदकाचे तोलून मोल किती, असे कोणी विचारीत नाही. ते कोणाकोणाला मिळाले, यावरून त्याचे मोल ठरते.

मंडळी, पारितोषिकाने लेखक निर्माण होत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना आणि तुकोबांना कोणी पदक दिले नव्हते. मग पारितोषिकाने होते तरी काय? माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. माझा एक विद्यार्थी, यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा, पुढे चांगली कविता लिहू लागला. त्याने पदरमोड करून आपला संग्रह छापला. त्यास एका संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तो एका दिवसाची मजुरी बुडवून, स्वतःच्या खर्चाने समारंभास गेला. दोन-अडीच तास भाषणे झाली. दात्याच्या कुटुंबाचे तीन वेळा सत्कार झाले. कवीची पाळी सर्वांत शेवटी आली आणि त्याच्या पुस्तकातील एक ओळही कोणी वाचली नाही. रकमेचा धनादेश त्याच्या हाती पडण्यास सात महिने लागले. तो मला म्हणाला, “गुरुजी, मी तिथे शालीसाठी खुंटी म्हणून उभा होतो.”

त्यानंतर दोन वर्षांनी एका तालुक्याच्या वाचनालयाने त्याच पुस्तकास पाचशे एक रुपयांचे पारितोषिक दिले. रक्कम अल्प, परंतु तिच्यासोबत परीक्षकाने स्वहस्ते लिहिलेले दोन पानी पत्र होते. कोणती कविता का आवडली, कोणत्या ठिकाणी शब्द सैल पडला, पुढे काय वाचावे, हे त्यात सविस्तर लिहिले होते. ते पत्र त्याने आजही पेटीत जपून ठेवले आहे. पहिल्या शालीचे काय झाले, हे मी विचारले नाही. या दोन प्रसंगांतून पारितोषिकाचे मर्म मला उमगले. कोणीतरी आपले लिखाण मनापासून वाचले, ही खात्री लेखकास देणे, हे त्याचे खरे कार्य होय. पैसा त्या खात्रीला आधार देतो. तिची जागा घेऊ शकत नाही.

आता द्रव्याच्या व्यवहाराकडे वळतो. पाढे शिकविणाऱ्याला हिशेब सांगितल्यावाचून चैन पडत नाही, याची क्षमा असावी.

आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ साली मृत्युपत्र केले आणि १८९६ साली ते निवर्तले. आपल्या संपत्तीचे मुद्दल राखून व्याजातून दरवर्षी पाच पारितोषिके द्यावीत, असे त्यांनी लिहिले होते. परंतु ज्या संस्थांवर निवडीचे काम सोपविले, त्यांना आधी विचारले नव्हते, आणि निधी सांभाळण्यास कोणती संस्था असावी, हेही लिहिलेले नव्हते. नातेवाइकांनी हरकती घेतल्या. पहिली पारितोषिके द्यावयास १९०१ साल उजाडले. त्या वर्षी प्रत्येक पारितोषिक सुमारे दीड लक्ष क्रोनरचे होते. पुढे करांचा बोजा आणि गुंतवणुकीवरील बंधने यांमुळे १९२३ साली ते सुमारे एक लक्ष पंधरा हजारांवर उतरले. महागाई ध्यानी घेता १९०१ च्या पारितोषिकाची खरी किंमत पुन्हा गाठण्यास १९९१ साल यावे लागले. जगातील सर्वांत नामांकित पारितोषिकाची ही कथा. तेव्हा आपण दोन धडे घ्यावेत. दात्याने आपली इच्छा स्पष्ट लिहून ठेवावी, आणि महागाईचा विचार पहिल्याच दिवशी करावा.

आपल्याकडेही हेच दिसते. साहित्य अकादमीचा पुरस्कार आरंभी पाच हजार रुपयांचा होता. तो वाढवीत वाढवीत एक लक्षापर्यंत न्यावा लागला. ज्ञानपीठ १९६५ साली एक लक्षाचे होते, ते पुढे अकरा लक्षांचे झाले. रक्कम न वाढविता ती तशीच ठेवली असती, तर मान उरला असता, आधार उरला नसता. गावोगावच्या वाचनालयांत पन्नास वर्षांपूर्वी ठेवलेली हजार रुपयांची स्मृतिपारितोषिके आज आपण पाहतो. त्यांच्या व्याजात लेखकाचा एस.टी.चा परतीचा प्रवासही होत नाही. ठेवणाऱ्याची भक्ती खरी होती. हिशेब मात्र अपुरा राहिला.

समजा, आपण पाच लक्ष रुपयांचा निधी उभा केला. शंभर कुटुंबांनी प्रत्येकी पाच हजार दिले की तो उभा राहतो. त्यावर सात टक्के दराने वर्षाला पस्तीस हजार रुपये व्याज येईल. प्राप्तिकरातून सूट घेणाऱ्या न्यासाने आपल्या उत्पन्नापैकी किमान पंच्याऐंशी टक्के रक्कम त्या कार्यावर खर्च करावी लागते. पंधरा टक्के राखता येतात. म्हणजे ५,२५० रुपये मुद्दलात टाकता येतील आणि २९,७५० खर्चास उरतील. त्यांतून २१,००० चे पारितोषिक द्यावे. उरलेल्या ८,७५० रुपयांत विजेत्याचा प्रवासखर्च, परीक्षकांचे मानधन आणि विजेत्या पुस्तकाच्या काही प्रती विकत घेऊन आपल्या मुलांच्या शाळांना व वाचनालयांना देणे, एवढे भागवावे. हार, तुरे, मंडप आणि भोजन यांस या निधीतील एक पैही लागू नये. तो खर्च संमेलनाच्या वर्गणीतून व्हावा.

आता महागाई. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढत राहिले, तर सुमारे बारा वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे आजचे एकवीस हजार बारा वर्षांनी साडेदहा हजारांच्या योग्यतेचे होतील. मुद्दलाची किंमत टिकवावयाची, तर पहिल्या वर्षीच त्यात तीस हजारांची भर पडली पाहिजे. व्याजातून ५,२५० आले, उरले २४,७५०. शंभर कुटुंबांनी दरसाल अडीचशे रुपये दिले, तर पंचवीस हजार होतात आणि हिशेब जुळतो. पुढे पुढे हा आकडा थोडा थोडा वाढवावा लागेल, हेही मी लपवीत नाही. मोठी देणगी एकदा देऊन विसरून जाण्यापेक्षा लहान देणगी दरसाल आठवणीने देणे, हे भाषेच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. ती वडीलधाऱ्यांनीही गिरवावी.

व्यवहाराच्या आणखी दोन गोष्टी. निधी संस्थेच्या इतर पैशांत मिसळू नये. त्याचे खाते आणि त्याची वही वेगळी असावी, आणि लेखापरीक्षित हिशेब या वार्षिक अंकात छापावा. मुद्दलासाठी दिलेल्या देणगीबरोबर ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे दात्याने लेखी द्यावे. मान्यताप्राप्त न्यासास दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यास प्राप्तिकरात काही सवलत मिळते. परंतु दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास ती मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ती नाहीच. सवलत मिळो वा न मिळो, रोखीने न देता धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावे, म्हणजे संशयास जागा राहत नाही.

आता त्या नाजूक प्रश्नाकडे येतो. “ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का जावा?” असे आपल्यातील काही आदरणीय वडीलधारे विचारतात. त्यांच्या भावनेचा मी अवमान करणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पै-पैसा जमवून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या काढल्या, म्हणून आपण आज या सभागृहात ताठ मानेने बसलो आहोत. गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीचा निधी आपल्या मुलांसाठी आहे, तो तसाच राहावा, त्यातला एक रुपयाही इकडे वळू नये, असे माझेही स्पष्ट मत आहे. परंतु शिष्यवृत्ती आणि पारितोषिक या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती गरज पाहून दिली जाते, पारितोषिक गुण पाहून. गरज घरातली पाहता येते. गुणाला मात्र घराचे कुंपण घालता येत नाही. चाळीस-पन्नास लेखकांतून निवडलेले पुस्तक आणि चार हजारांतून निवडलेले पुस्तक, यांतील मान कोणाचा मोठा, हे शाळकरी मूलही सांगेल. आपल्याच ज्ञातीतील एखाद्या गुणी लेखिकेस पारितोषिक मिळाले, तर “घरचेच आहे, दिले” असे लोकांनी म्हणावे, हा तिच्यावरच अन्याय नव्हे काय?

जगन्नाथ शंकरशेट यांचे उदाहरण पाहा. नाना १८६५ साली गेले. त्यांच्या नावाची, मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास द्यावयाची शिष्यवृत्ती पिढ्यान्पिढ्या दिली गेली. तिचे नाव जरी शिष्यवृत्ती असले, तरी गुणांवर मिळत असल्याने ते खरे पारितोषिकच होते. ती ज्ञात पाहून दिली गेली नाही. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळविली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. ‘शंकरशेट स्कॉलर’ हे शब्द महाराष्ट्रातील घराघरांत आदराने उच्चारले गेले. नानांनी वा त्यांच्या वारसांनी ती स्वकीयांपुरती ठेवली असती, तर तिचा लाभ काहींना झाला असता. पण नानांचे नाव परक्यांच्या देवघरापर्यंत कसे पोहोचले असते? नोबेलनेही आपल्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले की, देताना कोणाचे राष्ट्रीयत्व पाहू नये. कुंपण काढणाराचे नाव उरते, हा इतिहासाचा दाखला आहे.

आपल्या ज्ञातीचा अभिमान मला आहे. तो मी असा मांडू इच्छितो : देणारे हात आपले असावेत, घेणारा हात मराठीचा असावा. या एका वाक्यात माझे सारे म्हणणे आले.

निवडीबाबत चार नियम मी सुचवितो. पहिला, परीक्षक तीन असावेत आणि त्यांतील निदान दोघे संस्थेबाहेरील असावेत. कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी वा दात्याच्या कुटुंबीयांनी परीक्षक होऊ नये, आणि त्यांच्या पुस्तकांचा विचारही होऊ नये. दुसरा, लेखकाकडून प्रवेशशुल्क घेऊ नये आणि दहा-दहा प्रती मागवू नयेत. तिसरा, निवडीची कारणे लेखी द्यावीत, ती या अंकात छापावीत, आणि एखाद्या वर्षी योग्य कृती न आढळल्यास पारितोषिक राखून ठेवण्याचे धैर्य असावे. चौथा, रक्कम समारंभाच्या आदल्या दिवशीच लेखकाच्या खात्यात जमा व्हावी आणि समारंभात त्याच्या पुस्तकातील दोन पाने तरी वाचली जावीत. दात्याचे भाषण पाच मिनिटांचे असावे.

कलांविषयीही दोन शब्द. पुस्तक निदान कपाटात उरते. कीर्तनकाराचे आख्यान, शाहिराचा पोवाडा, दशावतारी नटाची भूमिका, तमाशातील ढोलकीवाल्याचा हात, हे त्या माणसाबरोबर जातात. हे कलावंत उतारवयात कसे दिवस काढतात, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगावयास नको. म्हणून माझी सूचना अशी की, एक वर्ष ग्रंथास आणि एक वर्ष प्रयोगकलेस, असा क्रम ठेवावा. कलेच्या वर्षी त्या कलावंताची कला ध्वनिचित्रमुद्रित करून त्याची प्रत जवळच्या शाळेस व वाचनालयास द्यावी. आज हातातील फोनवरदेखील हे काम होते. संगीताच्या क्षेत्रात पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. शिष्याच्या भक्तीतून उभे राहिलेले ते कार्य आज अनेक दशके हजारो श्रोत्यांना आनंद देत आहे. स्मृती जपावयाची तर ती अशी, की जिच्यामुळे गेलेल्याचे नाव जिवंत माणसांच्या उपयोगी पडेल.

शेवटी गृहिणींना आणि तरुणांना विनंती. वाढदिवस, वास्तुशांती, विवाह, वर्षश्राद्ध हे प्रसंग प्रत्येक घरी येतात. त्या दिवशीच्या खर्चातून फूल ना फुलाची पाकळी या निधीस द्यावी. त्याबरोबर दुसरे एक दान आहे, ज्यास धनही फारसे लागत नाही : वर्षातून निदान दोन मराठी पुस्तके विकत घेऊन वाचावीत. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घराने पुस्तकाला पारितोषिक द्यावे, यात काही शोभा नाही. रवींद्रनाथांना १९१३ साली नोबेल मिळाले, तेव्हा ती रक्कम त्यांनी शांतिनिकेतनच्या कामी लावली. घेणाऱ्यानेच पुन्हा द्यावे, हा दानाचा सर्वांत सुंदर शेवट होय. आपल्या पारितोषिकाचा एखादा विजेता उद्या असाच दाता होईल, अशी आशा बाळगावयास काय हरकत आहे?

माझ्यापुरते बोलावयाचे, तर माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपयांचा धनादेश मी आज खजिनदारांकडे देत आहे, आणि दरसालचे अडीचशे रुपये हयात असेपर्यंत पाठवीत जाईन. माझ्या नावाची पाटी नको. मंडळींनी एवढेच करावे की, पारितोषिक खुले ठेवण्याचा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेत संमत करावा आणि पहिल्या पाच कुटुंबांची नावे आजच वहीत लिहून घ्यावीत. आरंभ लहान असला तरी चालेल. तो स्वच्छ असावा.

मराठी भाषेची सेवा आपल्या हातून अखंड घडो, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.